चार नंबरचा सूट

ऑलिवेराने अकरा वर्षांत चारशेच्या वर मेलेली माणसं काढली होती, आणि एकाही वेळी तिचा हात अडला नव्हता. अडला तो स्वतःच्या बापापाशी.

मोरावा नदीकाठच्या त्या गावात ब्लागोये मिस्त्रींचा कबरीच्या दगडांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दगड कापायचं यंत्र, त्याच्या खाली कायम साचलेला करडा चिखल, आणि तो चिखल पायांना लावून सगळीकडे हिंडणारी तीन मांजरं. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत ऑलिवेरा बसायची. लोक मेलेल्याचा फोटो आणून देत, त्यावरून ती टॅबलेटवर चित्र करी, आणि मग लेझरचं यंत्र ते चित्र काळ्या ग्रॅनाइटवर कोरी. कोरलं तेवढाच दगड पांढरट होतो. म्हणून तिचं चित्रही काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांनीच निघायचं. उजेड तेवढा काढायचा, अंधार आयता असतो.

लोक फोटो तरी कसले आणत! एक जण लग्नाच्या मांडवात, तोंडात भाजलेल्या डुकराचा तुकडा धरून डोळे मिटलेला. दुसरा समुद्रावर उघडाबंब. तिसऱ्याच्या खांद्यावर पहिल्या बायकोचा हात, तेवढा दुसरीला पुसून हवा. आणि मागणं सगळ्यांचं एकच: "जरा नीटनेटका करून दे." नीटनेटका म्हणजे सूट. जन्मभर ट्रॅक्टर हाकलेल्या माणसाला मेल्यावर बँकेचा मॅनेजर करायचं! पहिल्या वर्षी ऑलिवेरा प्रत्येकाला नवा सूट काढायची. मग वैतागली, आणि चार सूट एकदाच काढून फाइलमध्ये ठेवून दिले. पहिला खांद्यांत ढगळ झाला होता, दुसऱ्यात माणूस वेटर दिसायचा, तिसरा कुणालाच आवडेना. चौथा मात्र कुणालाही बसायचा. तीन बटणं, रेघांचा टाय, खिशात दोन टोकांचा रुमाल. त्यावर डोकं ठेवायचं, मान जुळवायची, दोन्ही डोळ्यांत चमकेचा एकेक ठिपका टाकायचा, झालं काम. डोळे चमकले की घरची माणसं काचेपलीकडे उभी राहून रडायला लागत. ऑलिवेराला त्या रडण्याची अलीकडे शिसारी यायची, आणि त्याहून जास्त स्वतःची.

तशी ती बेलग्रेडला चार वर्षं चित्रकला शिकून आलेली. मुलांच्या पुस्तकांत कोल्हे आणि अस्वलं काढायची, एवढंच तिच्या मनात होतं. हात चालता राहावा म्हणून सहा महिने मिस्त्रींकडे आली, आणि राहिलीच. एकही कोल्हा निघाला नाही.

तिचा बाप, स्वेतोमिर, गावातल्या घरांच्या संडासाच्या टाक्या उपसायचा. गावाला गटारं नाहीत, प्रत्येक अंगणात जमिनीखाली टाकी, आणि ती भरली की स्वेतोमिरला निरोप. पिवळा टँकर, हाताएवढी जाड नळी, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. हातमोजे घालूनही हातांचा वास जात नसे. संध्याकाळी तो पुढच्या दाराने कधीच आला नाही. मागच्या अंगणातल्या नळावर तो सज्जीच्या, म्हणजे कपडे धुवायच्या जहाल सोड्याच्या साबणाने हात घासत बसायचा. कातडी फाटेपर्यंत घासायचा. त्याचा साबण वेगळा, आणि दाराशेजारच्या खिळ्यावर त्याचा करडा टॉवेल वेगळा. ती व्यवस्था ऑलिवेराच्या आईची, रादोयकाची. रादोयका इतकी सोवळी, की बाजारातून आणलेल्या लिंबालाही साबण लावायची. अशा बाईच्या नशिबी असा नवरा आला, आणि चाळीस वर्षं तिने तो नाक मुरडत निभावला.

तो गेल्याला येत्या शनिवारी वर्ष होत होतं. वर्षश्राद्धाला कबरीवर दगड उभा नसेल तर गाव तोंडावर सांत्वन करतं आणि पाठीमागे नावं ठेवतं. दगडावर तो आणि त्याच्या शेजारी रादोयका, अशी दोन चित्रं. ती जिवंत असली म्हणून काय झालं, नवऱ्याशेजारी बायकोचं चित्र एकदमच कोरून घ्यायचं, नावाखाली जन्माचं साल, मग एक आडवी रेघ, आणि पुढची जागा मोकळी. रादोयकाने त्यासाठी खास केस सेट करून घेतले, फोटोग्राफरकडे जाऊन फोटो काढला, आणि ऑलिवेराने तो एका दुपारीत उतरवलाही. राहिला बाप. गुरुवारी दुपारपर्यंत फाइल हातात पाहिजे, म्हणजे शुक्रवारी कोरून शनिवारी पहाटे बसवता येईल, असं मिस्त्रींनी बजावून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी ती बसली. समोर काळा पडदा आणि शेजारी बापाच्या ओळखपत्रावरचा फोटो. आईने तोच निवडला होता, कारण तेवढ्याच एका फोटोत तो धुतलेला दिसत होता. बाकीच्या फोटोंत तो कडेला कुठेतरी उभा असायचा, अर्धा दाराआड, हात पाठीमागे बांधलेले.

ऑलिवेरा नेहमी डोळ्यांपासून सुरुवात करायची. डावा डोळा काढला. बघितला. तो औषधाच्या दुकानातल्या कै. विदोयेचा डोळा होता. पुसला. पुन्हा काढला, तर फुटबॉलच्या मास्तरांचा निघाला. पुन्हा पुसला. दुपारपर्यंत तिने चौदा डोळे काढले, आणि चौदाही चमकत होते. स्वेतोमिरचे डोळे आयुष्यात कधी चमकले नव्हते. अमोनियाने ते कायम लाल आणि पाणावलेले असत. पण तिच्या हाताला चमकेची सवय लागली होती. रेघ टेकायच्या आधीच गुळगुळीत व्हायची. तिने सूट उघडून बघितला, आणि त्यावर ओळखपत्रातलं डोकं ठेवलं. समोर एक गोरागोमटा, सभ्य, कुणीतरी भलताच गृहस्थ बसला होता, आणि त्याला कसलाही वास नव्हता.

तिने पेन टेबलावर आपटलं. ते घरंगळत खाली मांजरांनी आणलेल्या चिखलात गेलं आणि एका मांजराने हुंगलं.

मंगळवारी सकाळी पुन्हा तेच. नाकापासून सुरुवात केली, मग कपाळापासून, मग टोपीपासून. एकदा तर काहीच सुचेना म्हणून टायची गाठ काढत बसली. जन्मात टाय न बांधलेल्या माणसाच्या टायची गाठ! आपण जे काही करतो ते इतकं ओंगळ आहे, असं तिला अकरा वर्षांत पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसलं.

आणि तेवढ्यात पेर्सिदा आली. पेर्सिदा म्हणजे ऑलिवेराच्या गल्लीतली विधवा, वय पंच्याहत्तर, आवाज गावभर. तिच्या नवऱ्याचा, ओब्रादचा, दगड दोन वर्षांपूर्वी इथेच झाला होता. तिने छत्री दाराला टेकवली आणि सरळ मिस्त्रींवर चालून गेली.

"ब्लागोये, माझ्या नवऱ्याच्या अंगावरून तो सूट उतरव!"

"काकू, दगडावरचा सूट कसा उतरवू?" मिस्त्री म्हणाले. "कोरलंय ते."

"मग तिहोमिरचा उतरव! अरे, त्या मेल्या तिहोमिरशी माझा नवरा तीस वर्षं भांडला. आक्रोडाच्या एका झाडापायी! एकमेकांच्या लग्नकार्यात गेले नाहीत, मयताला गेले नाहीत. आणि काल मी मेणबत्ती लावायला गेले, तर शेजारी तिहोमिरचा नवा दगड, आणि वर बघते तर दोघं जुळ्या भावांसारखे! तोच टाय, तोच रुमाल! मग म्हटलं बघूया तरी, म्हणून सगळ्या ओळी फिरले. सात निघाले. सात! एकाच सुटात! गावात काय सर्कशीचा बँड मेला का रे?"

मिस्त्रींनी खाली बघत दगडावरची धूळ झटकली. ऑलिवेराला वाटलं आपण टेबलाखाली शिरावं. सात पेर्सिदाला दिसले होते. आजूबाजूच्या गावांतले धरून खरा आकडा दीडशेच्या घरात होता.

"मी केलं ते, मावशी," ती काचेच्या खोलीतून बाहेर येत म्हणाली.

"तू? तू तर बेलग्रेडला शिकलेली ना गं?"

"हो. तिथेच शिकले."

"मग त्यांना म्हणावं फुकट शिकवलंत." पेर्सिदाची नजर काचेतून पडद्यावर गेली. तिने डोळे बारीक केले. "आणि हा कोण? हा आठवा का?"

"बाबा आहेत."

पेर्सिदा आत गेली, पडद्याजवळ वाकली, आणि तोंड वाकडं करून उठली.

"शी! हा स्वेतोमिर? असा माणूस माझ्या अंगणात आला असता ना, तर मी कुत्रं सोडलं असतं. वाटलं असतं, सरकारी माणूस आला. पोरी, तुझ्या बापाने सव्वीस वर्षं माझी टाकी उपसली. दर वेळी मी त्याला कॉफी द्यायची. पण माझ्या हातातून कप घेतला असेल तर शपथ. 'पेर्सिदा, कठड्यावर ठेव,' म्हणायचा. मी ठेवून घरात जाईपर्यंत हात पाठीमागे. मी खिडकीतून बघायची. मग दोन बोटांनी कप उचलायचा, हा असा, जसं काही अंड्यातून निघालेलं पिल्लू धरलंय. आणि जाताना नळावर धुऊन पालथा घालून जायचा. माझ्या स्वतःच्या नवऱ्याने कधी कप धुतला नाही." तिने छत्री उचलली. "त्याला सूट घातलास तर मी शनिवारी येणार नाही. आणि माझ्या ओब्रादचं बघा काहीतरी. निदान तिहोमिरच्या टायवर एक डाग तरी पाडा!"

ती गेली. ऑलिवेरा पडद्यासमोर येऊन बसली, पण पेन हातात घेतलं नाही. हात पाठीमागे. तिला आपली शाळा आठवली. नऊ वर्षांची असताना शाळेच्या फाटकाशी पिवळा टँकर थांबला होता, मुलांनी नाकं धरली होती, आणि त्या मुलांत तिनेही नाक धरलं होतं. तेव्हा बापाने काचेतून तिच्याकडे बघितलं, टँकर वळवला, आणि त्या रस्त्याने पुन्हा कधी आणला नाही. त्या रात्री ती जेवायला बसली तेव्हा त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

ती उठली, सायकल काढली आणि घरी गेली. आई बाजारात होती ते बरं झालं. मागच्या अंगणातल्या छपरात बापाचे हातमोजे अजून खुंटीला होते. बाहेरच्या खिळ्यावर तो करडा टॉवेलही होता, वर्षभर तसाच, वाळून पत्र्यासारखा झालेला. हात लावायला कुणी धजत नव्हतं, म्हणून राहिला होता. तिने एक हातमोजा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि कारखान्यात आणला. टेबलावर काढून ठेवला मात्र, मांजर उठून बाहेर गेलं.

"काय गं हे?" मिस्त्री नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. "इथे गिऱ्हाईक येतं, बाई!"

"गिऱ्हाईक मेलेलं असतं, मिस्त्री. त्याला चालेल."

वास भयंकर होता. वर्ष झालं तरी रबरात तो मुरून बसला होता; मैला, सज्जी आणि स्वस्त तंबाखू. तिला दोनदा ओकारी आली. तिसऱ्यांदा आली नाही. तिने कोरा काळा पडदा उघडला, डोळ्यांच्या जागेला हातही लावला नाही, आणि अगदी खाली, जिथे तिने आजवर सुटाचं बटण काढलं होतं, तिथे एक बारीक वाकडी रेघ ओढली. ती अंगठ्याजवळची भेग होती. सज्जीने फुटलेली, हिवाळ्यात रक्त यायचं ती. मग दुसरी भेग. मग सांध्यांवरची सुजलेली टेंगळं, त्यांच्यावर पडलेला उजेड. रेघ गुळगुळीत व्हायला लागली की ती हातमोज्याकडे नाक नेई, तोंड वेंगाडी आणि पुन्हा काढी. नखांपाशी आल्यावर ती थांबली. नखांतला काळा मळ कसा काढायचा? मग तिच्या लक्षात आलं की तो काढायचाच नाही. पडदा काळाच आहे, दगडही काळाच असणार. ती जागा नुसती सोडून द्यायची. अकरा वर्षं ती असल्या जागा पांढऱ्याने भरून टाकत आली होती.

दुपार टळली तेव्हा दोन हात तयार होते, गुडघ्यांवर मोकळे ठेवलेले. त्यांच्यामागे बाह्या दुमडलेल्या शर्टातला माणूस मग आपोआप आला. मागच्या पायरीवर बसलेला, खांदे पडलेले. डोळे सगळ्यात शेवटी आले, छोटे आणि ओले. चमक टाकायची तिला आठवणही झाली नाही.

बुधवारी आई बघायला आली. रादोयकाने आधी खुर्ची पुसली, मग बसली. पडद्याकडे बघितलं, आणि तिचं नाक तिथल्या तिथे आक्रसलं.

"हे काय काढलंस?"

"बाबा."

"ते मला दिसतंय. सूट कुठाय?"

"नाहीये. त्यांनी कधी घातला होता, आई? स्वतःच्या लग्नातसुद्धा चुलत्याचा कोट होता, तूच सांगतेस."

"म्हणूनच तर म्हटलं निदान दगडावर तरी घाल!" रादोयकाचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी ते हात लोकांच्या नजरेआड ठेवले. पाहुणे आले की म्हणायची, तू आत बस. वेगळा साबण, वेगळा टॉवेल, सगळं केलं. आणि तू ते काळ्या दगडावर कोरून चारचौघांत मांडतेस? बापाची लाज काढायला शिकवलं का तुला बेलग्रेडला?"

"लाज कुणाची होती, आई?"

हे बोलायला नको होतं, असं ऑलिवेराला बोलता बोलताच वाटलं. रादोयका उठली. तिने आपली पर्स छातीशी धरली, जशी काही त्या खोलीत कुठे टेकायला जागाच स्वच्छ नव्हती.

"सूट घाल," ती म्हणाली. "नाहीतर त्याच्याशेजारचं माझं तोंड पुसून टाक. मी असल्या हातांशेजारी जन्मभर राहिले, आता दगडावर राहणार नाही."

गुरुवारी दुपारी मिस्त्री काचेवर टिचकी मारून उभे राहिले. ऑलिवेरापुढे दोन फाइली होत्या. एकीत सुटातला, एकीत हातांचा. आईचं चित्र पुसलं तर दगडाची अर्धी बाजू उघडी पडणार, गावाला चघळायला विषय मिळणार, आणि आई ते विसरणार नाही. सूट घातला तर सगळं सुरळीत. मिस्त्री चष्मा वर करून बराच वेळ हातांकडे बघत राहिले.

"आजवर या यंत्राने एकच हात कोरलाय," ते म्हणाले. "एका दलालाचा, मोबाइल धरलेला." मग चष्मा खाली घेत म्हणाले, "आमचीही टाकी तोच उपसायचा. मी कधी आत नाही बोलावलं."

तिने हातांची फाइल दिली. आईचं चित्र पुसलं नाही.

शनिवारी कबरस्तानात बरीच माणसं आली. पेर्सिदा सर्वांत पुढे होती. पाद्रीबाबांनी धूप फिरवला, उकडलेल्या गोड गव्हाचं ताट हातोहात फिरलं, कुणीतरी कबरीवर राकिया दारूचे थेंब शिंपडले. दगडाकडे बघून लोक आपापसांत कुजबुजत होते, आणि ऑलिवेरा मान खाली घालून उभी होती. तिला फक्त आईचे काळे बूट दिसत होते. ते बूट कितीतरी वेळ जागचे हलले नाहीत.

"हात बघा हात," पेर्सिदा मोठ्याने म्हणाली. "कप धरलेला दाखवायला हवा होता."

मग बूट पुढे गेले. ऑलिवेराने वर बघितलं. रादोयका दगडापाशी वाकली होती. तिने आपला कापडी हातमोजा काढून पर्समध्ये ठेवला आणि उघडा तळवा त्या कोरलेल्या हातांवर टेकवला. ताज्या कोरीवकामात पांढरी भुकटी अजून राहिलेली होती. तळवा काढला तेव्हा तो पांढरा झाला होता. तिच्या चेहऱ्यावर नेहमीचंच होतं, आक्रसलेलं नाक, घट्ट मिटलेले ओठ. ऑलिवेराला काहीच उमगेना.

कबरस्तानाच्या फाटकाशी नळ आहे. तिथून बाहेर पडताना हात धुतल्याशिवाय कुणी जात नाही. मरण घरी न्यायचं नसतं. पाद्रीबाबांनी धुतले, मिस्त्रींनी धुतले, पेर्सिदाने तर कोपरापर्यंत धुतले. रादोयका, जी लिंबाला साबण लावते ती, पांढऱ्या हाताची मूठ मिटून नळावरून तशीच पुढे निघून गेली.

"आई, अगं हात!" ऑलिवेरा मागून म्हणाली.

"घरी धुवीन."

घरी पोचल्यावर ती पुढच्या दाराने गेली नाही. घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली, नळाखालच्या वाटीतला, वर्षभर वाळलेला सज्जीचा तुकडा उचलला, आणि बराच वेळ हात घासत बसली. मग उठून तिने खिळ्यावरचा करडा टॉवेल काढला आणि त्याला हात पुसले. आधी हात पुसले, आणि मग तोंड.